नवी सँडल घेतली तरी पाय पुन्हा दुखतोच? चूक कुठे होते ते असं शोधा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. टाच किंवा तळवा दुखायला लागतो, कुणीतरी सुचवलेली मऊ सँडल घेतली जाते, पहिले काही दिवस हायसं वाटतं. मग महिना-दोन महिन्यांत दुखणं हळूच परत येतं. सँडल खराब निघाली असं ठरतं आणि पुढची घेतली जाते, ती सहसा आधीच्यापेक्षाही मऊ. जोडांवर जोड साठतात, पण सकाळी पलंगावरून उतरताना भिंतीचा आधार घेणं काही सुटत नाही.

पायांच्या तक्रारी असलेल्यांना पादत्राणं बसवून देण्याचं काम मी करते. एवढे पाय आणि एवढ्या चपला पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय की दोष फारच थोड्या वेळा सँडलच्या दर्जात असतो. आपण मऊपणालाच आधार समजतो, तिथे गडबड होते. मऊ तळात पाय रुततो. रुतलेला पाय आत किंवा बाहेर कलंडतो आणि त्याला सावरण्याचं काम पुन्हा तळव्याच्या स्नायूंवर आणि पोटरीवर येऊन पडतं. आधार देणारा तळ पायाला कलंडू देत नाही, आणि त्यासाठी तो थोडा कडकच असावा लागतो. मऊपणा दुकानात पाय ठेवताक्षणी कळतो. आधार आहे की नाही हे कळायला तास-दोन तास चालावं लागतं. त्यामुळे निवड चुकते यात नवल नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसतं ‘पाय दुखतो’ एवढ्यावर सँडल निवडता येत नाही. टाचेला जी मानवते ती चवड्याला त्रास देऊ शकते. मधुमेहात बधिर झालेल्या पायाचा तर हिशोबच निराळा. नेमकं कुठे दुखतं, कधी दुखतं आणि जुन्या जोडाचं काय झालंय, एवढं आधी पाहिलं तर पुढचा जोड बहुधा वाया जात नाही.

आधी जुना जोड उलटा करा

रोज वापरात असलेली सँडल पुसून टेबलावर ठेवा आणि डोळे तिच्या पातळीवर आणून मागून पाहा. दोन्ही टाचा सरळ उभ्या आहेत, की एखादी आत कललीय? मग तळ पाहा. टाचेच्या मागच्या बाजूला बाहेरच्या कोपऱ्यावर थोडी झीज असणं स्वाभाविक आहे, कारण चालताना टाच तिथेच आधी टेकते. आतली कड जास्त झिजली असेल तर पाय आत कलंडतोय. बाहेरची कड पार चवड्यापर्यंत घासली असेल तर पायाची कमान, म्हणजे तळव्याचा मधला उचललेला भाग, उंच असण्याची शक्यता मोठी. एकाच पायाची झीज ठळकपणे वेगळी असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. पायांच्या लांबीत फरक असेल किंवा एका गुडघ्याला, खुब्याला दुखणं असेल तर ते असं चपलेवर उमटतं.

आता वरची बाजू. पाय जिथे टेकतो तिथे काळपट ठसे पडलेले असतात. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी खोल खळगा दिसला तर सगळा भार चवड्यावर येतोय. बोटांच्या टोकांपाशी छोटे, खोल, एकापुढे एक खड्डे दिसले तर बोटं सँडलला धरून ठेवण्यासाठी आवळली जातायत, म्हणजे पट्टे सैल आहेत किंवा मागचा पट्टाच नाही. ही खूण लोकांना दाखवली की ते चकित होतात. आपण दिवसभर बोटांनी चप्पल पकडून चालतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

शेवटी अंगठ्याने टाचेखालचा भाग जोरात दाबा. नव्या सँडलमध्ये तो दबून परत वर येतो. जुन्या जोडात अंगठा थेट खालच्या कडक सोलवर जाऊन आपटत असेल तर तळ बसला. हलक्या सँडलचा तळ बहुतेक वेळा इव्हीए नावाच्या फोमचा असतो. त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात आणि रोजच्या भाराने ते चपटे होत जातात. वरून सँडल नवीकोरी दिसते, पट्टे शाबूत असतात, पण आतला फोम कधीच संपलेला असतो. महिना-दोन महिन्यांनी दुखणं परत येण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि फोम जितका मऊ तितका तो लवकर बसतो. इव्हीएची सँडल तापलेल्या गाडीत किंवा कडक उन्हात ठेवू नका, ती आक्रसते. पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा तळ जड असतो, पण दबून परत वर यायची ताकद त्यात जास्त काळ टिकते. मात्र दमट हवेत तो न वापरताही विरतो. जपून ठेवलेला जोड काही वर्षांनी बाहेर काढावा आणि तळाचा भुगा व्हावा, असं होतं ते यामुळेच. कॉर्कचा तळ हळूहळू पायाच्या आकाराचा होतो, पण भिजला किंवा उन्हात तापला की तडकतो.

दुखणं टाचेत असेल तर

टाचेच्या तक्रारी सगळ्यात जास्त असतात आणि गैरसमजही इथेच जास्त आहेत, म्हणून जरा सविस्तर.

सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली आतल्या बाजूने सुई टोचल्यासारखं होतं, दहा-वीस पावलांनी कमी होतं, आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. हे बहुधा प्लांटर फॅसायटिस असतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पडदा पसरलेला असतो. टाचेपाशी जिथे तो हाडाला जोडलाय, तिथे रोजच्या ताणाने इजा होत राहते. पाऊल उचलताना बोटं मागे वळली की हा पडदा ताणला जातो आणि कमान वर उचलली जाते. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये पायाची ही यंत्रणा नीट मांडून दाखवली, आणि सँडल निवडताना ती कामाला येते. पडद्यावरचा ताण कमी करायचा तर बोटं फार मागे वळू द्यायची नाहीत, कमान खचू द्यायची नाही आणि टाच किंचित उंच ठेवायची.

म्हणजे सँडलमध्ये काय पाहायचं? टाचेला खोलगट वाटी हवी. कमानीखाली हाताला जाणवेल असा भरीव उंचवटा हवा. टाचेखालची जाडी चवड्याखालच्या जाडीपेक्षा साधारण 10 मिलिमीटर जास्त हवी. यात एक घोळ नेहमी होतो. जाड सोल दिसला की लोकांना वाटतं टाच उंच आहे. सोल टाचेखाली 4 सेंटीमीटर आणि चवड्याखाली 3 सेंटीमीटर असेल तर पायाला जाणवणारी उंची 1 सेंटीमीटरच असते. सोल कितीही जाड असला तरी दोन्हीकडे सारखाच असेल तर पायाच्या दृष्टीने ती सपाट चप्पलच. पोटरी आखडलेल्यांना अशी पूर्ण सपाट सँडल फार महागात पडते.

आता ‘हाड वाढलंय’ याबद्दल. एक्स-रेमध्ये टाचेला काटा दिसतो आणि सगळा दोष त्याच्या माथी जातो. पण टाच अजिबात न दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेमध्येही असा काटा सापडतो. दुखतो तो बहुतेक वेळा पडदा. त्यामुळे काट्याला जागा म्हणून मधे भोक असलेल्या गाद्या आणि तसल्या चपला शोधत फिरण्यापेक्षा कमानीचा आधार आणि टाचेची वाटी पाहा.

टाचेच्या अगदी मधोमध दुखत असेल, कडक फरशीवर वाढत असेल आणि सकाळपेक्षा दिवसभर उभं राहून झाल्यावर जास्त होत असेल, तर टाचेखालची चरबीची नैसर्गिक गादी पातळ झालेली असू शकते. वयाबरोबर ती झिजते. इथे मात्र मऊपणाला खरंच काम आहे, पण तोही खोल वाटीच्या आत हवा. वाटीच्या कडा उरलेली चरबी बाजूला पसरू न देता टाचेखाली धरून ठेवतात. सपाट मऊ तळावर ती पसरते आणि हाड टेकतं.

टाचेच्या मागे, पोटरीचा जाड स्नायुबंध जिथे हाडाला जोडलेला असतो तिथे दुखत असेल, तर मागून मोकळी किंवा मागचा पट्टा अगदी मऊ असलेली सँडल घ्या. टाचेची थोडी उंची इथेही उपयोगी पडते. कडक पट्टा त्या जागेवर दिवसभर घासला तर कुठलीही गादी काही करू शकत नाही.

तळावर टोकदार गोळ्या असलेल्या अॅक्युप्रेशरच्या चपलांबद्दल मला सतत विचारतात. टाच दुखत असताना त्या घालून चालू नये असं मी स्पष्टच सांगते. सुजलेल्या जागेवर शरीराचं सगळं वजन टोकाटोकांनी देण्यात काही फायदा नाही. मधुमेह असेल तर त्या घरातही ठेवू नका.

चवडा, बोटं आणि अंगठ्याची गाठ

चवड्याखाली जळजळणं किंवा खडा रुतल्यासारखं वाटणं ही तक्रार असेल तर टाचेची उंची कमी करा, कारण टाच जितकी वर तितका भार पुढे सरकतो. टाचेच्या दुखण्याला जे सांगितलं त्याच्या हे जवळपास उलट आहे. इथे पुढून किंचित वर वळलेला, होडीच्या तळासारखा गोलसर सोल चांगला. पाऊल त्यावरून घरंगळत पुढे जातं आणि चवड्याच्या सांध्यांना फारसं वाकावं लागत नाही. अंगठ्याचा सांधा कडक झालेल्यांनाही असाच कडक, गोलसर सोल लागतो. मऊ, कुठेही वाकणारी सँडल त्यांना अजिबात झेपत नाही.

चवड्यासाठी छोटी फुगीर गादी मिळते. ती जवळपास सगळेजण चुकीच्या जागी लावतात, म्हणजे बरोबर दुखऱ्या जागेखाली. त्याने दाब वाढतो. गादी दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या दिशेला हवी, म्हणजे ती हाडांना मागून उचलून धरते आणि त्यांच्या टोकांवरचा भार कमी होतो. नेमकी जागा शोधायची एक सोपी युक्ती आहे. तळव्यावर जिथे सगळ्यात जास्त दुखतं तिथे लिपस्टिकचा ठिपका लावा, सँडल पायात घालून सरळ उभे राहा आणि पाय काळजीपूर्वक वर उचला. तळावर ठिपका उमटलेला असेल. गादीची पुढची कड त्या ठिपक्याच्या जरा मागे येईल अशी ती चिकटवा. पहिल्या दिवशी पायाखाली काहीतरी आल्यासारखं वाटतं. तीन-चार दिवसांनीही ते टोचत असेल तर गादी आणखी थोडी मागे घ्या.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे वीज चमकल्यासारखी कळ येत असेल, बोटं बधिर होत असतील, तर तिथली नस दोन हाडांमध्ये चिमटली जात असावी. पुढून रुंद सँडल हा पहिला उपाय, आणि चवड्यावरचा पट्टा सैल करणं हा दुसरा. पट्ट्याने चवडा बाजूने आवळला की नस आणखी दाबली जाते.

अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलेली असेल तर पट्टा कुठून जातो ते सगळ्यात महत्त्वाचं. पट्टा गाठीवरूनच जाणार असेल तर तो रुंद, ताणला जाणारा आणि बिनशिवणीचा हवा. शिवण गाठीवर आली की दोन दिवसांत कातडी सोलवटते. पट्टा गाठीच्या पूर्ण मागून जात असेल तर उत्तम. अंगठ्यात अडकवायची गोल वादी असलेल्या चपला इथे टाळा, त्या अंगठ्याला धरून आणखी ओढतात. कुरूप आणि घट्टे यांचंही असंच. ते कापून काढले तरी दाब तसाच राहिला तर त्याच जागी परत येतात.

कमान सपाट की उंच

ओल्या पायाचा ठसा फरशीवर उमटवून पाहणं सोपं आहे. संपूर्ण तळवा उमटला तर कमान सपाट. टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी अगदी बारीक असेल किंवा नसेलच, तर कमान उंच. मात्र सपाट ठसा दिसला म्हणून लगेच सगळ्यात उंच कमानीची सँडल घेऊ नका. आधी चवड्यांवर उभे राहा आणि कुणाला तरी मागून पाहायला सांगा. टाचा उचलल्यावर कमान तयार होत असेल तर पाय लवचिक आहे, त्याला मध्यम कडक आधार मानवतो. कमान तरीही तयार होत नसेल तर पाय ताठ आहे. ताठ सपाट पायाखाली कडक उंचवटा दिला तर तो दगडासारखा खुपतो. अशा पायाला रुंद, स्थिर आणि वरून थोडा मऊ तळ द्या. दुखत नसलेल्या सपाट पायाला मुद्दाम काही करायची सहसा गरज नसते.

उंच कमानीच्या पायाचा जमिनीशी संपर्क कमी असतो, म्हणून टाच आणि चवडा यांवर दाब जास्त येतो. घोटा बाहेर मुरगळण्याची सवयही याच पायांना असते. त्यांच्यासाठी कमान भरून काढणारा तळ, रुंद पाया आणि घोट्याजवळून जाणारा पट्टा पाहा. आणि पट्ट्याची लांबी तपासा. पायाचा वरचा भाग उंच असल्याने बक्कल शेवटच्या भोकातही घट्ट बसतं, हे नेहमीचंच दुखणं आहे.

सँडल हातात घेतल्यावर

खोक्यावर ‘ऑर्थो’ किंवा ‘डॉक्टर’ लिहिलेलं असणं हा आधाराचा पुरावा नाही. हातांनी तपासा. सँडल पुढून-मागून धरून वाकवा. ती चवड्यापाशी, म्हणजे बोटं वाकतात तिथेच वाकली पाहिजे. बरोबर मधोमध, कमानीखाली दुमडली तर ती परत ठेवून द्या. मग ओलं फडकं पिळतो तशी पिळून पाहा. थोडी पिळली तर चालेल, पूर्ण पिळली गेली तर तिच्यात काही दम नाही. कमानीच्या उंचवट्यावर अंगठा दाबा. तो सहज सपाट होत असेल तर तुमच्या वजनाखाली त्याचं काय होणार ते उघड आहे.

मागच्या पट्ट्याबद्दल मी आग्रही आहे. मागे पट्टा असला की सँडल पायाबरोबर उचलली जाते आणि बोटांना ती धरून ठेवावी लागत नाही. अंगठ्याच्या चपला थोड्या वेळासाठी ठीक. दिवसभर चालायचं असेल आणि पाय आधीच दुखरा असेल तर त्या नकोत. पट्टे सैल-घट्ट करता येण्याजोगे हवेत, किमान दोन ठिकाणी. पायांना सूज येत असेल तर तीन ठिकाणी वेल्क्रो असलेली घ्या. सकाळी बरोबर बसलेला पट्टा संध्याकाळी पायात रुततो, आणि बक्कलाची भोकं तेवढा बारीक फरक सांभाळू शकत नाहीत. सांधे सुजून बोटं वाकडी झालेल्यांना बक्कल लावणंच अवघड जातं, त्यांनाही वेल्क्रो सोयीचा.

माप संध्याकाळच्या सुमारास द्या, तेव्हा पाय थोडे पसरलेले असतात. उभं राहून द्या, दोन्ही पायांचं द्या आणि मोठ्या पायाच्या मापाची सँडल घ्या. पंधरा वर्षांपूर्वी जो नंबर होता तोच आज असेल असं नाही. वयाने आणि गरोदरपणात पाय लांब-रुंद होतात. युरोपीय मापात एका नंबरने साधारण 6.7 मिलिमीटर वाढतात, ब्रिटिश मापात साधारण 8.5 मिलिमीटर. म्हणून एका पद्धतीतला नंबर दुसऱ्या पद्धतीत बदलताना नेहमीच थोडं इकडेतिकडे होतं. तक्त्यावर विसंबू नका, पायात घालून पाहा. सगळ्यात लांब बोटापुढे अर्धा ते एक सेंटीमीटर तळ दिसायला हवा आणि टाच वाटीच्या कडेवर चढलेली नसावी.

लांबी बरोबर असूनही कमान खुपते, असं पुष्कळ जण सांगतात. दोन माणसांच्या पायाची एकूण लांबी सारखी असली तरी एकाची बोटं लांब असतात आणि दुसऱ्याची आखूड. त्यामुळे टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर वेगळं येतं. सँडल लहान झाली तर कमानीचा उंचवटा टाचेकडे सरकून टोचतो. मोठी झाली तर तोच उंचवटा पुढे चवड्याखाली येतो. पायाचा अंगठा जिथून वाकतो ती जागा सँडलच्या वाकण्याच्या जागेवर येते का, एवढं पाहा. येत नसेल तर नंबर बदला, आणि त्यानेही जमलं नाही तर ती सँडल तुमच्या पायाची नाही.

आधीपासून इनसोल वापरत असाल तर ज्याचा आतला थर निघतो अशीच सँडल पाहा. तयार उंचवट्यावर आणखी एक इनसोल चढवला तर पाय वर येतो आणि पट्टे पुरत नाहीत.

घेतल्यानंतर

चांगली सँडल पहिल्या दिवशी थोडी परकी वाटते. कमानीला अचानक आधार मिळाला की स्नायूंची सवय मोडते. पहिल्या दिवशी एक-दोन तास घाला आणि रोज तासाभराने वाढवत न्या. हलकीशी जाणीव चालेल, टोचणं चालणार नाही. सँडल काढल्यावर कातडीवर लाल डाग दिसला तर घड्याळ पाहा. 20 ते 30 मिनिटांत तो पुसला गेला नाही तर त्या जागी दाब जास्त आहे. पट्टा बदला, नाही जमलं तर सँडल बदला. सँडल चावते, पण वापरून वापरून सैल होईल, हे कातड्याच्या पट्ट्याच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. तळाच्या बाबतीत नाही.

आणि आता तो प्रश्न, जो मी प्रत्येकाला विचारते. घरात पायात काय असतं? सँडल अगदी योग्य निवडलेली असते, बाहेर जाताना न चुकता घातली जाते, आणि दिवसाचे उरलेले सगळे तास कडक फरशीवर अनवाणी जातात. टाचेचं दुखणं बरं होत नाही त्यामागे कितीतरी वेळा एवढंच असतं. घरासाठी वेगळा, धुतलेला जोड ठेवा, आणि तोही आधार असलेला. बाहेर वापरून तळ बसलेली सँडल घरात वापरायला काढण्यात काही अर्थ नाही. पलंगाशेजारी ठेवा, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल तिच्यातच पडेल. उतरण्याआधी दुखऱ्या पायाची बोटं हाताने घोट्याकडे ओढून तळवा ताणा, 10 आकडे मोजेपर्यंत धरा आणि असं 10 वेळा करा. दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून पोटरी ताणा. एकटी सँडल टाच बरी करत नाही, ती इजा वाढू देत नाही आणि शरीराला बरं व्हायला अवधी देते. प्लांटर फॅसायटिस बहुतेकांचा शस्त्रक्रियेशिवाय बरा होतो, पण त्याला महिने लागतात. पंधरवड्यात फरक नाही म्हणून जोड बदलू नका.

मधुमेह असेल तर वेगळा विचार

इथे सँडल किती आरामदायी वाटते यावर अवलंबून राहता येत नाही, कारण सांगणारी संवेदनाच कमी झालेली असू शकते. आरामदायी वाटणारी सँडल फोड आणू शकते आणि तो दुखतही नाही. म्हणून आधी डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या. 10 ग्रॅम दाब देणाऱ्या बारीक तंतूने ती काही मिनिटांत तपासली जाते. संवेदना कमी असेल तर अनवाणी चालणं घरातही बंद. पुढून पूर्ण उघडी सँडल बाहेर शक्यतो नको, बोटांना ठेच लागली तरी कळत नाही. अंगठ्यात किंवा बोटांमधे काही अडकेल अशी रचना नको. तापलेल्या जमिनीची आच पातळ तळातून लागते आणि भाजलेलं कळत नाही, म्हणून तळ जाड हवा.

अशा पायांसाठी एमसीआर नावाचं खास रबर वापरतात. त्यात सूक्ष्म छिद्रं असतात आणि ते दाब पसरवून टाकतं. वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांवर जे काम केलं, त्यातून अशा पादत्राणांचं महत्त्व पटत गेलं. जखम आपोआप होत नाही, न जाणवणाऱ्या दाबाने होते, हे त्यांनी दाखवून दिलं. मऊ एमसीआरखाली कडक, न वाकणारा सोल असायला हवा, नाहीतर अर्धाच उपयोग होतो.

घालण्यापूर्वी दर वेळी सँडलमध्ये हात फिरवा. खडा, वर आलेला खिळा, सुटलेली शिवण हाताला कळते. रात्री तळवे पाहा. वाकून दिसत नसतील तर आरसा खाली ठेवा किंवा घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा. पायाला आधी जखम होऊन गेली असेल तर तयार सँडल घेऊच नका, मापाची करून घ्या.

सँडल बदलून भागणार नाही अशी लक्षणं

एकाच पायाची कमान हळूहळू खचत चाललीय, आतल्या घोट्यामागे सूज आहे आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही, तर घोट्याच्या आतून जाणारा कमानीचा मुख्य स्नायुबंध दुखावलेला असू शकतो. लवकर दाखवलं तर बरंच सावरता येतं. अंगठ्याचा सांधा रातोरात लाल, गरम झाला आणि चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर संधिवाताचा गाउट हा प्रकार असू शकतो. पायाच्या वरच्या बाजूला हाडावर बोट ठेवताच एकाच बिंदूत कळ येत असेल आणि चालताना वाढत असेल तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. तळव्यांची रात्री आग होणं, मुंग्या येणं यात नसांचा संबंध असू शकतो. मधुमेहात एक पाय अचानक गरम आणि सुजलेला दिसला, दुखत नसला तरी, त्यावर वजन टाकायचं थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.

दोन्ही पायांवर संध्याकाळी येणारी सूज वेल्क्रोने सांभाळता येते, पण ती कशामुळे येते हे एकदा तपासून घ्या. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, ताणल्यासारखी वाटू लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळू नका, मालिश करू नका, लगेच दवाखाना गाठा. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर रुग्णवाहिका बोलवा.